जुन्या फायबरच्या होडीची दुरुस्ती: आधी वाळवण, मग सांधा, शेवटी झाकण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कारवारच्या एका मच्छीमाराकडून तुम्ही 18 फुटांची, सुमारे 20 वर्षे वापरलेली फायबरची होडी विकत घेतली असून ती हिडकल धरणाच्या फुगवट्यात, दड्डीच्या बाजूला, मासेमारीसाठी चालवायची आहे. ट्रान्सम, म्हणजे जिच्यावर इंजिन बसते ती होडीची मागची उभी भिंत, इंजिनाचा दांडा धरून ओढली की हलते. आतली जमीन दोन ठिकाणी पायाखाली दबते. पुढच्या कप्प्याचे झाकण आणि मधली बैठक नाहीशी झाली आहे, आणि होडी बांधणारे यार्ड बंद पडल्यामुळे सुटे भाग मिळत नाहीत. झाकण आणि बैठक घरीच साचा करून आधी बनवावी, ट्रान्समकडे नंतर सवडीने पाहावे, असा तुमचा बेत आहे, आणि हे सगळे पावसाळ्याआधी उरकेल का असे तुम्ही विचारले आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत 27 वर्षे फौंड्रीसाठी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) आणि फायबरचे साचे बनवत आलो आहे, आणि गोवा-कारवारकडून आपल्या भागात आलेल्या सात-आठ होड्या माझ्या हातून दुरुस्त झाल्या आहेत. भाग घरी बनवता येतात, आणि ते यार्डाच्या भागांइतके टिकतातही. मात्र तुमचा क्रम मी उलटा करायला सांगेन. झाकण नसलेली होडी चालते. ट्रान्सम कुजलेली होडी इंजिनासकट तळाला जाते. शिवाय ट्रान्सम आणि जमीन काढल्यावर होडीचा आकार थोडा तरी बदलतो, आणि आधी मापाने केलेली बैठक मग जागेवर बसत नाही.

एक गोष्ट आधी नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. ताज्या फायबरवर, म्हणजे पहिला थर घट्ट झाल्यापासून साधारण दिवसभराच्या आत, दुसरा थर दिला तर दोन्ही थरांतले रेझिन (काचतंतू ज्यात भिजवतात तो, मागाहून घट्ट होणारा द्रव) एकमेकांशी रासायनिक रीतीने जोडले जाते आणि दोन्ही मिळून एकच पत्रा तयार होतो. 20 वर्षांच्या जुन्या फायबरवर नवे रेझिन लावले तर तसे होत नाही. तिथे नवे रेझिन केवळ जुन्याच्या पृष्ठभागावरच्या ओरखड्यांत शिरून त्यांना धरून राहते. म्हणून जुन्या होडीच्या दुरुस्तीत नव्या भागाची जाडी किंवा मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, वजन यापेक्षा सांध्याखालचा पृष्ठभाग किती स्वच्छ, किती कोरडा आणि किती खरखरीत आहे, यावर सगळे अवलंबून असते. माझ्याकडे फेरदुरुस्तीसाठी आलेल्या बहुतेक होड्यांत नवा थर शाबूत होता, पण पटाशी घालून उचलताच जुन्यापासून सालीसारखा अखंड सुटून आला.

आता ट्रान्सम का कुजते ते पाहू. फायबर स्वतः कुजत नाही. ट्रान्समच्या पोटात प्लायवूड असते, त्याच्या दोन्ही बाजूंना फायबरची कातडी असते, आणि इंजिनाचे बोल्ट व पाणी सोडायचे बूच यांसाठी त्यातून भोके पाडलेली असतात. ज्याने भोक पाडले त्याने आतले उघडे लाकूड बंद केलेले नसते. पाणी तिथून आत शिरते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने वर्षानुवर्षे आतच राहते. किती भाग कुजला आहे हे पाहण्यासाठी हातोडीच्या लाकडी दांड्याने किंवा नाण्याने इंच-इंचभर ठोकत जा. निरोगी भाग ठणठणीत वाजतो, सुटलेला किंवा कुजलेला भाग बद्द वाजतो. बद्द भागाला खडूने रेघ ओढा, आणि मग त्या रेघेच्या आत व बाहेर 6 मिलिमीटरची दोन-चार भोके आतल्या बाजूने पाडून निघणारा भुसा चिमटीत घ्या. कोरडा, फिकट भुसा असेल तर लाकूड चांगले आहे. काळपट, ओला लगदा निघाला तर तो भाग गेला आहे. इंजिन हलवल्यावर भिंत हलते हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे, तेव्हा तुमच्या होडीत बहुधा संपूर्ण लाकूड बदलावे लागेल. भोकांतून रेझिन ओतून आतले कुजलेले लाकूड घट्ट करता येते असे कुणी सांगितले तर ऐकू नका. ओल्या लाकडात रेझिन शिरत नाही.

कापाकापीला हात घालण्यापूर्वी होडी नीट बसवा. माझ्या पहिल्याच होडीत मी ही चूक केली होती. दोन लाकडी घोड्यांवर (तिवयांवर) होडी ठेवून मी ट्रान्समचे लाकूड आणि जमीन एकाच वेळी काढली. जमीन ही केवळ उभे राहण्यासाठी नसते, ती दोन्ही कुशींना, म्हणजे होडीच्या बाजूच्या भिंतींना, एकमेकींपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवते. ती निघताच कुशी रुंदावल्या, माझ्या लक्षात आले नाही, आणि नवी जमीन बसवून मी तो वाकडेपणा कायमचा पक्का केला. पाण्यात ती होडी सतत एका बाजूला ओढत राहिली आणि मालकाला मी त्याचे पैसे परत केले. तेव्हापासून मी होडीखाली किमान पाच ठिकाणी तिच्या तळाच्या आकाराचे लाकडी आधार देतो, कुशींच्या वरच्या कडांवर तीन आडव्या पट्ट्या स्क्रूने बसवतो, दोन्ही कर्ण दोरीने मोजून भिंतीवर लिहून ठेवतो, आणि ट्रान्सम पूर्ण होऊन घट्ट झाल्याशिवाय जमिनीला हात लावत नाही.

ट्रान्सम आतून उघडावी. बाहेरची कातडी तशीच राहू द्यावी, कारण तीच नव्या लाकडासाठी साच्याचे काम करते आणि होडीचा बाहेरचा आकार बिघडत नाही. आतली कातडी चार इंची ग्राइंडरने कापताना कडेला सगळीकडे 75 मिलिमीटरची पट्टी सोडावी, म्हणजे नवा सांधा जोडायला जागा राहते. कुजलेले लाकूड पटाशीने आणि खरवडणीने निघते. जे चांगले असते ते मात्र जिवाच्या आकांताने चिकटलेले असते आणि तिथेच हात घाई करतो. बाहेरच्या कातडीला भोक पडू नये म्हणून शेवटचे 3 मिलिमीटर ग्राइंडरनेच, 40 नंबरच्या फ्लॅप डिस्कने, हळूहळू काढावेत.

मग वाळवण. सर्वांत जास्त कंटाळा याच कामाचा येतो, आणि सर्वांत जास्त होड्या याच्याच अभावी परत येतात. साबण आणि गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, म्हणजे समुद्राचे मीठ निघून जाईल; मीठ राहिले तर ते हवेतली ओल ओढत राहते. मग होडी छपराखाली, पण वारा खेळेल अशा जागी, बूच काढून आणि मागचा भाग थोडा उतरता ठेवून वाळू द्या. आपल्याकडे दिवाळी सरल्यापासून मार्चपर्यंत हवा कोरडी असते आणि तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो. वाळली की नाही हे पाहायला वेगळे यंत्र नसले तरी चालते. फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून आतल्या फायबरवर बसवा आणि दिवसभर ऊन पडू द्या. संध्याकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसले तर अजून थांबावे लागेल.

समुद्रातली होडी धरणात आली की तिला आराम मिळेल, अशी अनेकांची समजूत असते. लोखंडी बोल्टांच्या बाबतीत ती खरी आहे, फायबरच्या बाबतीत नाही. फायबरच्या थरांत राहून गेलेले विरघळणारे पदार्थ बाहेरचे पाणी आत ओढतात, आणि बाहेरचे पाणी जितके गोडे तितकी ही ओढ जास्त. त्यामुळे पाण्याखालच्या भागावर फोड येण्याचा त्रास खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्यात लवकर होतो. तुमच्या होडीच्या तळावर वाटाण्याएवढे फोड असतील आणि फोडल्यावर आंबूस वासाचे पाणी निघत असेल तर ते हेच. थोडे असतील तर ते घासून उघडावेत, धुवावेत, पूर्ण वाळवावेत आणि एपॉक्सीच्या लांबीने (पुट्टीने) भरावेत. याच कारणासाठी पाण्याशी संबंध येणाऱ्या कामाला दुकानातले सर्वसाधारण रेझिन न घेता आयसोफ्थॅलिक रेझिन मागावे. किमतीतला फरक होडीच्या मानाने किरकोळ आहे.

लाकडासाठी आयएस 710 छापाचे मरीन प्लायवूड घ्या. आयएस 303 छापाचे प्लायवूड फर्निचरसाठी ठीक आहे, इथे नाही. 18 मिलिमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवून 36 मिलिमीटर जाडी होते, आणि दोन्ही बाजूंच्या कातड्या धरून ती 45 च्या आसपास जाते. इंजिनाच्या शिकंज्यात एवढी जाडी मावते का ते आधी मोजून घ्या. पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर बसवून पाहा, मगच प्लाय कापा, आणि कडेला सगळीकडे 5 मिलिमीटरची फट ठेवा. लाकूड कातडीत कोंबून बसवले तर बाहेरून त्याची कड उमटते. प्लायच्या सर्व बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, थोडे स्टायरीन घालून पातळ केलेले रेझिन दोन वेळा पाजावे. हे काम सकाळी न करता दुपार कलल्यावर करावे. सकाळी लाकूड तापत जाते आणि त्यातली हवा बाहेर येऊन रेझिनमध्ये बुडबुडे धरतात. संध्याकाळी लाकूड निवते आणि तीच हवा आत आकसताना रेझिनही आत ओढून घेते.

बाहेरच्या कातडीचा आतला भाग ॲसिटोनने पुसा, मग 40 नंबरने घासा, मग पुन्हा कोरड्या ब्रशने धूळ झाडा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी घासले तर पृष्ठभागावरचे मेण आणि तेल ओरखड्यांत शिरून बसते. घासल्यावर जुना भाग सगळीकडे एकसारखा पांढरट आणि निस्तेज दिसला पाहिजे. जिथे चकाकी राहिली तिथे सांधा धरणार नाही. घासल्या दिवशीच रेझिन लावावे.

आता 450 ग्रॅमच्या (हे वजन दर चौरस मीटरचे) मॅटचा एक थर रेझिनमध्ये भिजवून कातडीवर लावा, त्यावर रेझिन, एरोसिल (रेझिन दाट करणारी बारीक पूड) आणि कापलेले काचतंतू कालवून केलेला घट्ट लगदा दातेरी थापीने पसरा, आणि प्लाय त्यावर दाबून बाहेरून-आतून लाकडी पट्ट्या व शिकंजे लावून आवळा. चारी कडांनी लगदा बाहेर आला पाहिजे. न आल्यास आत पोकळी राहिली असे समजा. इथे बाजारातली मोटारीची लांबी वापरू नका, कारण तिच्यात टाल्क असते आणि ती पाणी धरते. दुसऱ्या दिवशी लाकूड आणि कुशी यांच्यामधल्या कोपऱ्यात त्याच लगद्याची अंगठ्याच्या गोलाईची गलथी, म्हणजे कोपरा गोल करणारी भरणी, भरा. काचतंतू काटकोनात वळत नाहीत. गलथीशिवाय मॅट कोपऱ्यात उचलली जाते आणि तिच्यामागे हवा राहते.

त्यावर एक मॅट, एक 610 ग्रॅमचे रोव्हिंग (विणलेले जाड काचकापड), पुन्हा मॅट, पुन्हा रोव्हिंग, शेवटी मॅट असे पाच थर द्यावेत, आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा 40-50 मिलिमीटर पुढे जाऊन कुशीवर व तळावर चढला पाहिजे. दोन रोव्हिंग एकावर एक कधी ठेवू नका. त्यांच्यामध्ये मॅट नसेल तर ते सहज सुटतात. मॅटची बाहेरची कड कात्रीने न कापता हाताने फाडावी, म्हणजे तंतू विरळ होत जातात आणि कड जुन्यात मिसळते. ब्रश रंगाऱ्यासारखा ओढू नये, टोचत जावे, आणि मग लोखंडी रोलरने हवा काढावी. पांढरा ठिपका राहिला तर तिथे रेझिन पोचलेले नाही. पहिले तीन थर झाले की हात लावून उष्णता पाहा. जास्त तापले असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा; एकदम जाड थर दिला की तो स्वतःच्या उष्णतेने आकसून तडकतो.

मापांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण घरी काम करणाऱ्यांची निम्मी अपयशे तिथली असतात. मॅटच्या वजनाच्या अडीच पट रेझिन लागते, रोव्हिंगला त्याच्या वजनाएवढे किंवा थोडे जास्त. कॅटॅलिस्ट, म्हणजे रेझिन घट्ट करणारे रसायन, रेझिनच्या 1 ते 2 टक्के. डिसेंबरच्या थंड सकाळी 2, एप्रिलच्या दुपारी 1. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा कामाला घ्या, तो परत स्वयंपाकघरात नेऊ नका, आणि कॅटॅलिस्ट औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने मोजा. एका वेळी 1 किलोपेक्षा जास्त रेझिन कालवू नका, कारण हातात वेळ साधारण पंधरा-वीस मिनिटांचा असतो आणि भांड्यात उरलेले रेझिन धूर येईपर्यंत तापू शकते. तुमच्या ट्रान्सम, जमीन, झाकण आणि बैठक या सगळ्यांना मिळून 25 ते 30 किलो रेझिन, 8 किलो मॅट आणि 2 किलो रोव्हिंग पुरेल असा माझा अंदाज आहे.

इथे एक इशारा मी प्रत्येकाला देतो. काही दुकाने रेझिन, कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रावण) आणि कॅटॅलिस्ट अशा तीन बाटल्या देतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावा आणि मगच कॅटॅलिस्ट घालावे. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होतो. शक्यतो कोबाल्ट आधीच घातलेले रेझिन मागा आणि तिसरी बाटली घरात आणूच नका. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच, आणि गेलाच तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन लगेच दवाखाना गाठावा. घासताना धुळीचा मास्क आणि रेझिन लावताना रसायनाच्या वाफेचा डबीवाला मास्क हवा. नाकाला बांधलेला रुमाल दोन्हींना निरुपयोगी आहे. धूळ अंगावर बसली तर आधी थंड पाण्याने न चोळता धुवावी. उरलेली मॅट, छाटण आणि घासलेली पूड गोठ्याजवळ किंवा शेतात टाकू नका, चाऱ्यातून जनावराच्या पोटात जाते.

जमिनीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण रीत तीच आहे. दबणारा भाग कापून काढल्यावर खालच्या उभ्या पट्ट्या, ज्यांना स्ट्रिंगर म्हणतात, त्या ठोकून पाहा. कुजल्या असतील तर एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढू नका. नवी जमीन 12 मिलिमीटर मरीन प्लायची, खालून-वरून रेझिन पाजलेली, वरून दोन मॅट. जमिनीखालच्या पोकळीत होडी तरंगती ठेवणारे काहीतरी भरावे लागते, आणि इथे आपल्याकडे सर्रास एक चूक होते. गणपतीच्या मखरातले उरलेले थर्माकोल भरले जाते, आणि वरून ओतलेल्या रेझिनमधले स्टायरीन ते विरघळवून टाकते. वर जमीन चकचकीत, खाली रिकामे. पीयू (पॉलियुरेथेन) फोम वापरा, किंवा झाकण घट्ट बसणारे 20 लिटरचे रिकामे कॅन पट्ट्यांनी बांधून ठेवा. प्रत्येक लिटर पोकळी साधारण 1 किलो वजन तोलते. तुमच्या 300 किलोंच्या आसपासच्या होडीला आणि 40 किलोंच्या इंजिनाला असे 12 कॅन, म्हणजे 240 लिटर, होडी पाण्याने भरली तरी बुडू न देण्याइतके आहेत, कारण फायबर स्वतः पाण्याच्या दीडपटच जड असते, म्हणून पाण्याखाली त्याचे वजन तिसऱ्या हिश्श्याएवढेच उरते. कॅनचा मला फोमपेक्षा एक फायदा वाटतो, तो असा की वर्षाकाठी जमिनीत ठेवलेले झाकण उघडून ते तपासता येतात आणि त्यांच्याभोवती पाणी साचून राहत नाही.

आता तुमच्या आवडीच्या कामाकडे, म्हणजे साच्यांकडे, येतो. तुम्ही लिहिले आहे की शेजारच्या गावात याच बनावटीची एक होडी आहे आणि तिचे पुढचे झाकण शाबूत आहे. मालकाची परवानगी घेऊन त्या झाकणावरूनच साचा काढा. झाकण धुवून, बारीक ओरखडे पॉलिश करून, त्यावर मेणाचे पॉलिश सहा वेळा लावा. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास थांबून फडक्याने चमकवा. मग पीव्हीएचा (भाग साच्याला चिकटू न देणाऱ्या द्रवाचा) पातळ थर स्पंजाने लावा आणि तो पूर्ण वाळू द्या. पीव्हीए पाण्यात विरघळतो, म्हणून हे काम दमट हवेत करू नये. जून-जुलैत कणकुंबी-जांबोटीकडे तर तो वाळतच नाही. मग जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत रेझिनचा थर, जेलकोट बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही अशा अवस्थेत 300 ग्रॅमची एक पातळ मॅट, आणि ती रात्रभर घट्ट झाल्यावरच पुढच्या जाड मॅट. पहिला थर पातळ ठेवायचे कारण असे की रेझिन घट्ट होताना आकसते, आणि सगळे थर एकदम दिले तर साच्याचा पृष्ठभागच ओढला जातो. साचा भागाच्या किमान दुप्पट जाड हवा, आणि त्याच्या पाठीवर लाकडी पट्ट्या बसवूनच तो मूळ झाकणावरून उचलावा.

बैठकीसाठी मूळ नमुना नाही, तिथे सनमायका वापरा. 18 मिलिमीटर प्लायवर चकचकीत सनमायका चिकटवून उलट्या पेटीसारखा साचा बनवा; सनमायकाची चकाकी जशीच्या तशी बैठकीवर उतरते. कोपऱ्यांत मूर्तिकाराची तेलाची माती भरून गोटीने किंवा चमच्याच्या पाठीने ओढली की सुंदर गोलाई मिळते. बाजूंना किमान 2-3 अंशांचा उतार द्या. फौंड्रीत वाळूतून पॅटर्न सुखरूप निघावा म्हणून आम्ही जो ड्राफ्ट देतो, तोच हा. तो विसरला तर भाग साच्यात अडकतो आणि दोन्हीपैकी एक फोडावे लागते. बिडाच्या पॅटर्नला आम्ही साधारण 1 टक्का आकसणी धरतो. हाताने केलेल्या फायबरला तितकी धरावी लागत नाही, पण झाकण आणि त्याची चौकट यांच्यात 4 मिलिमीटरची मोकळी जागा ठेवा, नाहीतर उन्हात झाकण उघडणार नाही.

600 बाय 600 मिलिमीटरच्या आणि 50 मिलिमीटर खाली वळलेल्या कडांच्या झाकणाचे क्षेत्र सुमारे अर्धा चौरस मीटर भरते. त्याला 300 ग्रॅम जेलकोट, 450 ग्रॅम मॅटचे दोन थर आणि सव्वा किलोच्या आत रेझिन पुरते. दोन थरांची जाडी फक्त 2 मिलिमीटरच्या आसपास होते आणि त्यावर माणूस उभा राहिला तर ते लवते. जाडी वाढवण्यापेक्षा आतून कणा द्या: पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याचे अर्धगोल तुकडे पाठीवर आडवे-उभे ठेवा आणि त्यांच्यावरून मॅटचे दोन थर घाला. पाइप केवळ आकारासाठी आहे, ताकद त्याच्यावरून गेलेल्या फायबरच्या कमानीत असते. अशा कण्यांनी झाकण दुप्पट जड न होता कित्येक पट ताठ होते. उभे राहायच्या जागी शेवटच्या थरावर फौंड्रीतली चाळलेली, कोरडी सिलिका वाळू भुरभुरा. ओल्या पायांना आणि जाळे ओढताना तिच्याइतकी पकड दुसऱ्या कशाने मिळत नाही. भाग साच्यातून दुसऱ्या दिवशी काढा, आणि काढल्यावरही तीन-चार दिवस सपाट जागी ठेवा, नाहीतर पीळ धरतो.

शेजाऱ्याच्या जुन्या लाकडी होडीवर फायबरचे आवरण चढवावे का, असेही तुम्ही जाता जाता विचारले आहे. फळ्या-फळ्यांच्या जुन्या होडीवर चढवू नये. फळ्या पाण्यात फुगतात, उन्हात आकसतात, आणि आवरण सांध्यावर फाटते. मग आत गेलेले पाणी लाकूड झाकल्या जागी कुजवते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या लाकडाच्या होड्यांवर फायबरचे आवरण चढवून दाखवले आहे, पण ती नवी, वाळवलेली आणि मुद्दाम त्यासाठी बांधलेली लाकडे होती.

वेळेबद्दल. दिवाळीनंतर होडी उघडलीत तर वाळवण धरून मार्चअखेर सगळे होते. फेब्रुवारीत सुरू केलेत तर ट्रान्सम आणि जमीन तेवढी करा, कारण एप्रिलपासून दुपारी वळवाचा पाऊस कधी गाठेल हे सांगता येत नाही आणि ओल्या हवेत उघडी राहिलेली मॅटही ओल धरते. मॅटचा गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून जमिनीपासून वर ठेवा.

शेवटी भोके. ज्या भोकांनी जुनी ट्रान्सम कुजवली ती नव्यात तशीच पाडू नका. 10 मिलिमीटरच्या बोल्टसाठी 16 मिलिमीटरचे भोक पाडा, ते एपॉक्सीच्या लगद्याने पूर्ण भरा, दोन दिवसांनी त्याच्या मधोमध 10 चे भोक पाडा; आता बोल्टच्या भोवती लाकूड नाही, एपॉक्सीची नळी आहे. बुचाच्या भोकालाही हेच करा. बोल्ट 304 स्टेनलेसचे गोड्या पाण्यात पुरतात. होडी पुन्हा कधी समुद्रावर न्यायची असेल तर 316 चे घ्या. मग इंजिन न लावता होडी काठालगतच्या उथळ पाण्यात सोडा, इंजिनाच्या जागी आणि जमिनीवर वाळूची पोती ठेवून रोजच्या वजनाएवढा भार द्या, आणि तासाभराने जमिनीचे झाकण उघडून खाली हात घाला. हाताला ओल लागली तर ती बुचातून आली की सांध्यातून, हे होडी पाण्यातच असताना शोधणे सोपे जाते. म्हणून त्या दिवशी एक टॉर्च, कोरडी फडकी आणि खडू सोबत असू द्या.